झेंडीवाले साडभाऊ

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी एका दिशेने हलू लागल्या की त्यांतली पुढे कोणती, याचा निकाल दिल्याशिवाय ज्याला पाणी गोड लागत नाही असा माणूस आमच्या साऱ्या झाडीपट्टीत एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्या नशिबाचा भाग. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. मी त्यांना साडभाऊ म्हणतो, तेही मला साडभाऊच म्हणतात. पोलिसात हवालदार होते, अलीकडेच निवृत्त झाले. पण हवालदारकी हा पोटाचा धंदा. जन्माचा धंदा म्हणजे निकाल देणे. ताईंनी दोन शेगड्यांवर दुधाची दोन पातेली ठेवली आणि जरा लक्ष ठेवा म्हणून सांगितलं, तर हे खरोखरच लक्ष ठेवतात. दोन्हीकडचं दूध उतू जातं आणि ताई धावत आल्या की हे गंभीरपणे सांगतात, "डावं पहिले गेलं." माझ्या दुकानाच्या सत्यनारायणाला हे पुढच्याच पाटावर बसले होते. कथा रंगात आलेली, साधुवाण्याची नौका बुडालेली, आणि मधेच यांचा आवाज, "उजव्या उदबत्तीनं गाठलं बावा." भटजींनी पोथीतून डोकं वर काढून उदबत्त्यांकडे पाहिलं, मग साऱ्या मंडळींनी पाहिलं, आणि उरलेला अध्याय कोणाच्याही कानात शिरला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरत असतात तेव्हा आपण पानावर लक्ष ठेवतो. साडभाऊंचं लक्ष बुंदीवाला वळणावर भातवाल्याला मागे टाकतो की नाही याच्यावर असतं. एकदा मुलचेऱ्याला बंदोबस्ताला गेले असताना तिकडच्या बंगाली वस्तीतल्या तळ्यावर दोन बदकं पोहत होती. त्यांचा निकाल लागेपर्यंत मिरवणूक चौक ओलांडून निघून गेली आणि हे तळ्यावरच उभे. वरच्या साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "साहेब, बदक मधीच थांबलं. मले वाटलं आता निघन."

स्वतः मात्र त्यांनी कोणाला मागे टाकल्याचं मी पाहिलेलं नाही. देह भरदार, मिशा भरघोस, आणि चाल अशी की सोबत चालणाऱ्याला दर दहा पावलांवर थांबून आभाळाकडे पाहत राहावं लागतं. त्यांची एक जुनी स्कूटर आहे. ती ते इतकी हळू चालवतात की मागे बसलेल्या ताई वाटेत भाजीचा भाव विचारतात, नापसंत करतात आणि पुढच्या गाडीवर विचारतात, स्कूटर न थांबता. मी एकदा म्हटलं, साडभाऊ, जगाच्या वेगाची एवढी हौस, मग तुमचं हे असं का. तर म्हणाले, "झेंडीवालाच पळाले लागला त निकाल कोन देईन?"

हे झेंडीवालेपण सावली तालुक्यातल्या त्यांच्या गावातून आलं. तिकडे धान कापून झालं की बैलांचा शंकरपट भरतो. रानात दोन सरळ पट्ट्या आखायच्या, दोन जोड्या शेजारी शेजारी सोडायच्या, आणि पुढे जाईल ती जोडी त्या वर्षीची राणी. बाहेरच्या लोकांना वाटतं पट बैलांचा असतो. पट असतो पाहुण्यांचा. ज्या गावात पट, त्या गावात घराघरातून लेकीजावई, मामे, मावश्या आणि ज्यांचं नातं कोणालाच सांगता येत नाही असे दोघेतिघे मुक्कामाला येतात. दिवसा बैल, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात ओसरीवर सोयरिकी. बैल पाहायला आलेला माणूस जावई ठरवून घरी जातो. आमचे सासरेही असेच बैल पाहायला गेले होते. पट्टीच्या शेवटी लाल झेंडी घेऊन एक दणकट तरुण उभा होता. पाटलांची जोडी आणि एका साध्या कुणब्याची जोडी अशा दोन जोड्या जवळजवळ बरोबरीने आल्या. या तरुणाने झेंडी कुणब्याच्या बाजूने पाडली आणि "मानभर", म्हणजे बैलाच्या मानेएवढ्या फरकाने, एवढंच म्हणाला. हाकणाऱ्यांची रीत अशी की निशाण ओलांडून गेल्यावर बैल वळवायचे आणि झेंडीवाल्यापाशी परत येऊन निकाल ऐकायचा. तो म्हणेल ते खरं, त्यावर वाद नाही. पाटीलही आले, ऐकलं आणि मुकाट्याने गेले. सासऱ्यांनी त्याच दुपारी थोरली लेक देऊन टाकली. "ज्या पोराले पाटलाचं भेव नाई, तो बायकोले काय भेईन," असं ते पुढे सांगत. त्यांचा हा अंदाज साफ चुकला, पण लग्न टिकलं. मला त्यांनी कशावरून पसंत केलं ते मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी पट भरलाच नव्हता.

पुढे साडभाऊ पोलिसात लागले आणि काही वर्षांनी कोर्टाने पटावर बंदी आणली. मग साहेबांनी बंदोबस्ताला नेमकं यांनाच यांच्या गावी पाठवलं. गावकरी नम्रपणे म्हणाले, "हा पट नाई जी, बैलाईचे पाय मोकळे करून राह्यलो." आता डोळ्यांनी पट दिसला तर गुन्हा नोंदवणं भाग. साडभाऊ दिवसभर पट्टीच्या शेवटी पाठ फिरवून उभे राहिले. एकही जोडी त्यांनी पाहिली नाही. मात्र दर जोडी गेली की मागे न वळता, खुरांच्या आवाजावरून, "डावी" किंवा "उजवी" एवढं ते हळूच म्हणत, आणि लोक समाधानाने घरी जात. संध्याकाळी त्यांनी साहेबांना सांगितलं की कुठलाही पट दिसून आला नाही. हे शब्दशः खरं होतं.

बंदी उठली, पट पुन्हा सुरू झाले, पण तोवर आमच्या तालुक्याच्या गावातल्या पोरांना बैलांची चव राहिली नव्हती. गावापासून वैनगंगेच्या पुलापर्यंत सिमेंटचा नवा रस्ता झाला. इतका सरळ आणि इतका रिकामा रस्ता तरुण पोरांसमोर ठेवल्यावर दुसरं काय होणार. दर रविवारी सकाळी मोटारसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. सायलेन्सर असे फाडलेले की गाडी पुलापाशी असताना बाजारातली म्हातारी माणसं छातीला हात लावत. एका पोराचा पाय मांडीतून मोडला. मी या गावात फ्लेक्स छापतो, त्यामुळे माणसाची थोरवी फुटांत मोजायची मला सवय आहे. या शर्यतवीरांच्या वाढदिवसाचे 'गावाचा वाघ' असे फलक माझ्याच मशीनवर निघत, आणि त्यांच्याच विरोधातले 'वेगाला आवरा, जीव सावरा' हे पोलिसांचे फलकही. दोन्ही एकाच खांबावर लागत. शेजारच्या गॅरेजवाल्या रफिक मेस्त्रींचंही तसंच. ते म्हणत, "भाऊ, सायलेन्सर पोलिस निकालते, मैं लगाता. गाव चालून राह्यलं न."

साडभाऊंची ड्यूटी त्याच रस्त्याच्या नाक्यावर होती. पोरं त्यांना चुकवून जात नसत, उलट मुद्दाम त्यांच्यापाशी थांबत, कारण मोबाईलवरच्या व्हिडिओत निकालावरून हमखास भांडणं लागत आणि काकाजींचा शब्द सगळ्यांना मान्य होता. साडभाऊ आधी निकाल द्यायचे आणि मग दोघांनाही चलान. "तू जिंकला, पन सुटताना पाय घासला," असं जिंकणाऱ्याला समजावून सांगताना ते मशीनमधून पावती काढत असत. पोरं पावती खिशात घालून पाया पडून जात. कायद्याचं राज्य इतक्या गोडीने चाललेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, आणि शर्यती मात्र दर रविवारी वाढतच होत्या.

अशात नवे ठाणेदार आले. साहेब तरुण, घाटावरचे, इस्त्रीच्या कडक घडीचे. आल्या आल्या त्यांनी अवैध शर्यतींविरुद्ध विशेष मोहीम जाहीर केली. तिच्या नियोजनाची बैठक झाली, बैठकीत आलुबोंडे झाले, आणि आलुबोंडे गार होते म्हणून दुसरी बैठक झाली. वेग मोजायचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी त्यात काहीच सापडलं नाही, कारण ते ज्या रस्त्यावर लावलं होतं त्यावर म्हशींचा कळप बसला होता. मग साहेबांनी ठरवलं की जप्त केलेले सायलेन्सर भर चौकात रोडरोलरखाली चिरडायचे, म्हणजे पोरांवर वचक बसेल. ठेकेदाराने एक रोलर बंद पडला तर नामुष्की नको म्हणून दोन पाठवले. मोठा मंडप पडला. मी फलक छापला. पोलिसांचा कार्यक्रम आहे म्हटल्यावर आसपासच्या खेड्यांतले पाहुणे जेवणाच्या डब्यांसकट आले, भज्यांच्या गाड्या लागल्या, फुगेवालासुद्धा आला. आमच्याकडे कशाचीही मंडई, म्हणजे जत्रा, व्हायला वेळ लागत नाही. सायलेन्सर दोन ओळींत मांडले होते, कारण ओळी दोन असल्या की फोटो भरलेला दिसतो. दोन्ही रोलर शेजारी शेजारी उभे राहिले, साहेबांनी हात दाखवला आणि ते एकदम निघाले.

इथे जे घडलं त्याला साडभाऊंचा फार दोष देता येत नाही. दोन वस्तू, एक दिशा, समोर सरळ पट्टी. ते गर्दी आवरायला उभे होते ते चालत चालत ओळींच्या शेवटाला गेले आणि खिशातून रुमाल काढून उभे राहिले. गर्दीला एवढंच हवं होतं. माणसासोबत चालू शकणार नाहीत अशा त्या दोन रोलरांच्या मागे सारा चौक शिट्ट्या वाजवत, आरोळ्या देत चालू लागला. बायका मुलांना खांद्यावर घेऊन दाखवू लागल्या. डाव्या रोलरवाल्याला चेव आला, त्याने इंजिन असं पिळलं की मंडपाचं कापड काळं झालं. सायलेन्सर चिरडले गेले की नाही हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. शेवटाला साडभाऊंचा रुमाल डावीकडे पडला, "अर्ध्या चाकानं," असं ते म्हणाले, आणि लोकांनी रोलरवाल्याला हार घातला, तोही साहेबांसाठी आणलेला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला. वर ठळक मथळा, 'शर्यतींविरुद्ध पोलिसांचा एल्गार', आणि खाली हवालदार रुमाल पाडतोय.

हे नुसतं हसण्यावारी गेलं असतं, पण मधे एक तारा होता. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि त्याआधी साडभाऊंना सहायक फौजदार म्हणून बढती मिळायची शक्यता होती. हवालदाराच्या दंडावर फिती असतात. सहायक फौजदाराच्या खांद्यावर तारा येतो. तो यायचा तर ठाणेदारांनी शिफारस करायला हवी होती. साडभाऊंना स्वतःला त्याचं किती होतं कोण जाणे, पण ताईंचा सारा जीव त्या ताऱ्यात होता. धाकट्या जावेचा नवरा तलाठी, त्यामुळे प्रत्येक लग्नात हळदीकुंकवाला जाऊ पुढे आणि या मागे, हे ताईंनी उभा जन्म सोसलं होतं. गणवेशाला इस्त्री करताना खांद्याच्या त्या जागेवर त्या दोनदा इस्त्री फिरवत. मला म्हणाल्या, "भाऊजी, मले बाकी काईच नाई पायजे. एक दिवस, फक्त एक दिवस हे तारा लावून दारातून आत आले पायजे." रोलरच्या फोटोनंतर साहेबांनी साडभाऊंना आत बोलावून बजावलं की पुढच्या कारवाईत काही चुकलं तर शिफारस विसरा. साडभाऊ म्हणाले, "हो जी." घरी येऊन ताईंनाही तसंच म्हणाले.

पुढची कारवाई फार गुप्त होती. साहेबांनी शिपायांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही. ठाण्याबाहेर ती माहीत असलेला मी एकटाच, कारण 'अवैध शर्यतींवर यशस्वी कारवाई' हा फलक त्यांनी आदल्याच दिवशी माझ्याकडून छापून घेतला होता. मी कोणाला सांगू नये म्हणून रविवारी सकाळी मला फलकाच्या गुंडाळीसह जीपमध्येच बसवून नेलं. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक मोठं मोहाचं झाड आहे. त्याच्या आड जीप, आणि झाडाच्या पुढे चाकांचं लोखंडी बॅरिकेड, त्याला धोक्याचं लाल फडकं बांधलेलं. बॅरिकेडपाशी साडभाऊ. बेत सोपा होता. दुसरी जीप मागची वाट अडवणार, आणि पोरं जवळ आली की साहेब शिटी वाजवणार, साडभाऊ बॅरिकेड रस्त्यात ओढणार. साहेबांनी तीनतीनदा विचारलं, "शिटी वाजली की बॅरिकेड रस्त्यात. कळलं ना, हवालदार?"

"कळलं जी."

थोड्या वेळाने लांबून तो फाटका आवाज आला. दोन गाड्या होत्या. एक डेअरीवाल्यांचा प्रणय, दुसरा बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचा सुरज. दोघांचे वाढदिवस मी छापलेले होते, त्यामुळे लांबूनही ओळखले. दोघं गाड्यांवर आडवे पडल्यासारखे, अगदी शेजारी शेजारी, आणि गाड्या भराभर मोठ्या होत होत्या. साहेबांनी शिटी वाजवली. साडभाऊंनी बॅरिकेडला हात घातला आणि ते सगळ्या अंगाने ओढलं. पण रस्त्याकडे नाही, मागे. बॅरिकेड रस्त्याच्या कडेवरून घरंगळत खालच्या धानाच्या बांधीत जाऊन उताणं पडलं. त्याचं लाल फडकं तेवढं साडभाऊंच्या हातात राहिलं. साहेब शिटी वाजवतच होते. साडभाऊ सिमेंटच्या काठाला पाय टेकवून, गुडघे किंचित वाकवून, समोरच्या एका रेषेवर नजर लावून उभे राहिले. त्यांचं असं उभं राहणं मी कधीच पाहिलं नव्हतं; सासऱ्यांनी पाहिलं असेल. दोन्ही गाड्या वाऱ्यासारख्या समोरून गेल्या आणि फडकं खाली आलं.

"उजवा. मानभर," साडभाऊ म्हणाले.

गाड्या पुलावर गेल्या. आता पुढे त्यांना अडवायला कोणी नव्हतं. साहेब झाडाआडून बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बॅरिकेड का नाही लावलंत?"

"साहेब, सुटलेल्या जोडीपुढं काई टाकत नाई जी. पहिले सुटूच नाई द्याचं. सुटली का मंग पोचू द्याचं."

"ही बैलं नाहीत, हवालदार."

"म्हनूनच त," साडभाऊ म्हणाले. "बैल त थांबला असता."

"तुमच्या शिफारशीवर सही व्हायची आहे माझी. आठवतंय ना?"

"आठवते जी."

मी गुंडाळी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसून होतो आणि ती कुठे लपवावी या विचारात होतो. तेवढ्यात पुलाकडून पुन्हा आवाज येऊ लागला, पण या वेळी फटफट असा सावकाश. दोन्ही पोरं परत येत होती. पलीकडचा जिल्हा मोकळा पडलेला, मागे पोलीस, आणि ही गाड्या वळवून शेजारी शेजारी, हुज्जत घालत, आपल्या पायांनी परत येत होती. दोघांच्याही आजोबांनी पटात बैल हाकलेले. शेवटाला झेंडीवाला उभा होता, फडकं पडलेलं त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं, पण कोणत्या बाजूने पडलं ते त्या वेगात दिसलं नव्हतं. निकाल न ऐकता घरी जायचं असतं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. झाडाशेजारी जीप आहे, साहेब आहेत, शिपाई आहेत, यातलं काही त्यांना दिसलं नाही. ती थेट साडभाऊंसमोर येऊन थांबली.

"काकाजी, कपडा कोनाकडं पडला जी?" सुरजने विचारलं.

"उजवा. मानभर."

उजवा म्हणजे सुरज. तो हसला. प्रणय कुरकुरला, "तो पहिले सुटला होता जी."

"सुटताना मी नव्हतो," साडभाऊ म्हणाले. "मी पोचल्याचं सांगतो. आता दोघंबी चाव्या आना."

आणि दोघांनी चाव्या दिल्या. झेंडीवाल्याशी वाद घालायचा नसतो. चाव्या हातात पडल्यावर मग शिपाई धावले, साहेबांनी दोघांना धरल्याचं जाहीर केलं, माझा फलक झाडाला बांधला गेला आणि फोटो निघाला. ज्या वर्तमानपत्राने रोलरचा फोटो छापला होता त्यानेच 'थरारक पाठलाग करून शर्यतवीर जेरबंद' असं छापलं. साहेबांना वरून शाबासकी मिळाली. कोणाचं नखही न दुखता, एकही गाडी न खरचटता इतकी पुरी फत्ते झालेली कारवाई आमच्या भागात दुसरी झाली नसेल. शर्यतीही थांबल्या, निदान त्या रस्त्यावरच्या. पण शिफारस दुसऱ्याच एका हवालदाराची गेली. साहेबांनी साडभाऊंना बोलावून तसं तोंडावर सांगितलं, एवढा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "माणूस म्हणून तुम्ही बरोबर असालही. पण मी शिटी वाजवली होती."

मला फार राग आला, आणि खरं सांगायचं तर साहेबांपेक्षा साडभाऊंचा जास्त आला. मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि ताईंसमोरच त्यांना बोललो. म्हटलं, अहो, थोडं ओढल्यासारखं करायचं, अर्धं लावायचं, नोकरीत माणूस एवढं करतोच की. साडभाऊ खुर्चीत बसून पायांकडे पाहत होते. म्हणाले, "साडभाऊ, अर्ध्या बॅरिकेडवर पूरा पोट्टा मरते." ताई उठून आत गेल्या.

त्या दिवसापासून ताईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. घरात दोघंच, मुलं नोकरीला बाहेरगावी, त्यामुळे ताईंना जे सांगायचं ते त्या भिंतीला सांगत. "जेवन वाढलं म्हना." "लाईटवाला आला म्हना." साडभाऊही भिंतीलाच "आलो म्हना" असं सांगून जेवायला उठत. मी हसून विषय काढायला गेलो तर माझी बायको म्हणाली, तुम्ही फलक छापा, ताईचं दुःख तुम्हाला कळायचं नाही. निरोप समारंभ झाला. शाल आली, श्रीफळ आलं, साहेबांनी भाषणात साडभाऊंना शिस्तप्रिय म्हटलं. फलक अर्थातच माझा. हुद्दा काय छापू म्हणून विचारलं तर साडभाऊ म्हणाले, "हवालदार लिहा. लय मोठं नोका लिहू." ताई आल्या नाहीत. डोकं दुखतं म्हणाल्या. साडभाऊ शाल पांघरून एकटे, त्या स्कूटरवरून, नेहमीपेक्षाही हळू घरी गेले. मी मागून पायी चालत होतो आणि मला ते दिसेनासे झाले नाहीत.

त्यानंतर काही आठवडे गेले. एका सकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. साडभाऊ खुर्चीत, ताई सुपात तांदूळ निवडत, मधे ती नेहमीची शांतता. फाटकातून सुरजची आई आली. बाजार आटोपून रिकामी टोपली घेऊन आली होती. ती पायरीवर बसली आणि साडभाऊंना ओलांडून थेट ताईंवरच घसरली.

"बाई, तुमच्या मानसानं माझ्या घराची वाट लावली. गाडी ठान्यात पडली हाय, अन पोट्टा दिवसभर घरात. पहिले भाकर खाऊन जाये त रात्रीच दिसे. आता सकाळपासून माझ्याच मागं मागं. घडीघडी भूक लागते त्याले. वांगं केलं त वांगं काऊन केलं म्हनते. वरनात मीठ कमी हाय म्हनते. माझ्याच खाटेवर लोळते, ऊठ म्हनलं त हूं म्हनते अन कूस बदलते. रात्री असा घोरते का मले डोळा नाई लागत. मी मेली परेशान झाली बाई. गाडी सोडून द्या म्हनाव, जाऊ द्या त्याले बाहेर."

साडभाऊ खाली मान घालून ऐकत होते. ताईंचा तांदळातला हात थांबला होता. त्यांनी विचारलं, "आता कुठी हाय तो?"

"कुठी राह्यन? घरीच. झोपून हाय अजून."

ताईंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "झोपू दे बाई. उठवू नोको त्याले." एवढं म्हणून त्या उठल्या आणि आत गेल्या. भाजीवाली माझ्याकडे पाहू लागली, तिचा राग निम्म्यावरच राहिला होता. आत कपबशा वाजल्या, स्टोव्हवर भांडं चढल्याचा आवाज आला, आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून, भिंतीला नव्हे, ताईंचा आवाज आला.

"अवो, चहात साखर किती टाकू?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. साडभाऊ एकदा माझ्याकडे, एकदा त्या बाईकडे पाहायला लागले. मग मीच आतल्या दिशेने सांगितलं, नेहमीइतकीच टाका, ताई.